‘आपली मंडळी’ गट : इटलीच्या कार्यक्रमात रावेन्ना का नाही?

मंदाआत्या : चिन्मय, तू काल रात्री टाकलेला उत्तर इटलीतल्या एमिलिया-रोमान्या प्रदेशाचा कार्यक्रम मी दोनदा वाचला. पार्मा, मोडेना आणि बोलोन्या या तीन शहरांत मिळून चीजचा कारखाना, हॅमची कोठारे, बाल्सामिक व्हिनेगरची पिंपे आणि पास्ता शिकण्याचा वर्ग एवढे सगळे आहे. रावेन्ना मात्र कुठेच नाही. सहाव्या शतकातली मोझेइक, म्हणजे रंगीत तुकडे जडवून केलेली चित्रे, जिथे आजही भिंतींवर आहेत, त्या प्रदेशात जाऊन नुसते जेवून परत यायचे असेल, तर ते मला पैसे भरण्याआधी सांगायला हवे होते. हंपीला नाश्त्यापायी विठ्ठल मंदिर कसे राहिले, ते सगळ्यांना आठवत असेलच.

चिन्मय (मिलान) : आत्या, रावेन्ना मी मुद्दाम गाळलेले नाही. रोमनांनी इसवी सनपूर्व १८७ मध्ये रिमिनीपासून पिआचेन्झापर्यंत व्हिया एमिलिया हा रस्ता बांधला आणि पार्मा, मोडेना, बोलोन्या ही शहरे त्याच्यावर ओळीने आहेत, त्यामुळे रेल्वेने त्यांचा एकत्र कार्यक्रम सहज बसतो. रावेन्ना त्या रस्त्यावर नाही, समुद्राच्या बाजूला आहे, आणि त्यासाठी पूर्ण दिवस द्यावा लागतो. तो दिवस कुठून काढायचा, हे तूच सांग.

नानाकाका : दिवस काढणार असाल तर फोर्लीसाठीही काढा. तिथे दुसऱ्या महायुद्धातल्या भारतीय सैन्याचे युद्धस्मारक आहे. मी हे गेल्या महिन्यातही लिहिले होते.

अप्पा : हंपीचा विषय पुन्हा कशाला? त्या दिवशी उशीर नाश्त्यामुळे झाला नव्हता, गाडीवाला उशिरा आला होता.

शुभावहिनी : मला एक गोष्ट आधी स्पष्ट करून हवी आहे. पार्मिजानो रेज्जानो या चीजमध्ये दूध विरजायला वासराच्या पोटातले रेनेट वापरतात आणि त्यांच्या नियमाप्रमाणे दुसरे काही चालतच नाही, असे मी वाचले. हे खरे असेल, तर आत्या, माई आणि मी त्या कारखान्यात सकाळपासून उभे राहून काय करणार?

चिन्मय (मिलान) : वहिनी, ते खरे आहे. तरीही हे काम एकदा पाहावे असे मला मनापासून वाटते. आदल्या संध्याकाळचे साय काढलेले दूध आणि सकाळचे ताजे दूध तांब्याच्या मोठ्या कढईत एकत्र करतात, ते विरजले की तारांच्या रवीने त्याचे तांदळाच्या दाण्याएवढे कण करतात, आणि मग तळाशी बसलेला गोळा दोघेजण लिननच्या कापडात धरून वर काढतात व त्याचे दोन भाग करतात. साधारण ५५० लिटर दुधाचे चीजचे एक चाक होते आणि त्याचे वजन ४० किलोच्या आसपास भरते. ते आधी मिठाच्या पाण्यात आणि नंतर किमान १२ महिने फळ्यांवर राहते. वर्ष झाले की तपासनीस छोट्या हातोडीने ठोकून आवाजावरून आतली पोकळी ओळखतात. हे काम सकाळीच चालते, म्हणून वेळ बदलता येत नाही.

शुभावहिनी : वर्णन सुंदर आहे, पण माझ्या प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. आम्ही तिघींनी खायचे काय? तोर्तेलिनी या भरलेल्या पास्त्यात डुकराचे मांस असते, मोर्तादेल्ला हे सॉसेज तर त्याचेच, आणि रोमान्याची पियादिना आपल्या पोळीसारखी दिसली तरी तिच्या कणकेत चरबी घालण्याची जुनी पद्धत आहे.

चिन्मय (मिलान) : पियादिना ऑलिव्ह तेलाची मिळते, फक्त आधी विचारून घ्यावे लागते. फेरारा भागात लाल भोपळ्याचे सारण भरलेला पास्ता करतात. त्यात अंडे असते आणि सारणात बहुधा तेच चीज असते, त्यामुळे माईंना तो चालणार नाही, हे मी आत्ताच सांगून ठेवतो. बाल्सामिक मात्र निर्धास्तपणे घ्या. मोडेनाचे पारंपरिक बाल्सामिक द्राक्षाचा रस आटवून करतात आणि ते वेगवेगळ्या लाकडांच्या लहान होत जाणाऱ्या पिंपांत किमान १२ वर्षे मुरते.

अप्पा : मी विजेचा छोटा कुकर घेतो. माईंच्या भाताची काळजी सोडा.

मंदाआत्या : अप्पा, हॉटेलच्या खोलीत कुकर लावू देत नाहीत, गेल्या खेपेला दंड मी भरला होता. विषय रावेन्नाचा आहे. सान व्हिताले हे चर्च ५४७ मध्ये समर्पित झाले. त्याच्या भिंतीवर सम्राट जस्टिनियन आणि सम्राज्ञी थिओडोरा समोरासमोर आहेत, आणि ते दोघे त्या शहरात कधी आलेही नव्हते. थिओडोराच्या झग्याचा काठ नीट पाहिला तर त्यावर बाल येशूसाठी भेटी घेऊन निघालेले तीन ज्ञानी पुरुष विणलेले दिसतात. शेजारच्या रोमन सम्राज्ञी गाला प्लासिडियाच्या समाधीगृहात खिडक्यांना काचेऐवजी अलाबास्टरचे पातळ दगड आहेत आणि छताच्या गडद निळ्यात सोनेरी तारे आहेत. मी तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला आणि हे सगळे पुस्तकातल्या काळ्यापांढऱ्या चित्रांवरून शिकवले. मला ते डोळ्यांनी पाहायचे आहे, यापलीकडे माझे काही मागणे नाही.

नानाकाका : मंदाचे म्हणणे अगदी योग्य आहे. फोर्लीबद्दल कोणी उत्तर दिलेले नाही, म्हणून पुन्हा लिहितो. तिथे भारतीय जवानांच्या कबरी आहेत आणि ज्यांचे दहन झाले त्या हिंदू व शीख सैनिकांचे स्मारकही आहे.

दादा : नाना, आपण आधी जेवणाचा आणि रावेन्नाचा प्रश्न मिटवू, मग तुमचा मुद्दा घेऊ.

नानाकाका : माझा मुद्दा दरवेळी ‘मग’ घेतला जातो. आपले आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते आणि इटलीतून परत आले. त्यांच्या कंपनीतले सगळे परत आले नाहीत. ९ एप्रिल १९४५ रोजी याच प्रदेशात सेनिओ नदीवर नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. नदी जेमतेम १५ फूट रुंद, पण दोन्ही बांध ३० ते ३५ फूट उंच, आत जर्मनांनी पोखरलेली मोर्चेबंदी आणि वर सुरुंग पेरलेले. तेवीस वर्षांचा हा शिपाई एका जखमी सोबत्याला उचलून पाण्यातून आणि सुरुंगांतून बांधावर घेऊन आला, पुन्हा गेला, दुसऱ्याला आणले, आणि नंतर हाताला गोळी लागलेली असताना त्याने हातबॉम्ब टाकून मशिनगनची ठाणी गप्प केली. शेवटी बांधावर उभा राहून मराठ्यांची रणगर्जना करत त्याने मागच्या तुकड्यांना पुढे बोलावले. आपण सगळे तिथून दोन तासांच्या अंतरावर हॅम वाळताना पाहणार आहोत आणि फोर्लीला जाणार नाही, हे मला पटत नाही.

शुभावहिनी : नानाकाका, हे मला माहीत नव्हते. पास्ताचा वर्ग काढून टाकला तरी माझी हरकत नाही.

चिन्मय (मिलान) : काका, फोर्ली व्हिया एमिलियावरच आहे, बोलोन्याहून रेल्वेने तासाभराच्या आत पोहोचतो. तिथून गाडी केली तर सेनिओचा काठ पाहून त्याच दिवशी रावेन्नाला मुक्कामाला जाता येईल. पास्ताचा वर्ग आणि हॅमची कोठारे मी काढतो.

अप्पा : हॅम काढायला माझी परवानगी कोणी विचारली? मांसाहारी माणसांनाही मत असते. इथे ज्याचा आवाज मोठा त्याचेच ऐकले जाते.

दादा : अप्पा, पार्माचे हॅम बोलोन्याच्या बाजारातल्या दुकानांतही मिळते, तिथे तुम्हाला हवे तितके खाता येईल. बोलोन्याचे दोन दिवस तसेच ठेवू. कमानींखालून चालण्यासाठी आणि सान पेत्रोनिओ चर्चच्या फरशीवरची खगोलशास्त्रज्ञ कासिनीची १६५५ ची मध्यान्हरेषा (जिच्यावर दुपारी सूर्याचा कवडसा पडतो) पाहण्यासाठी ते लागतीलच. तिथला कललेला गारिसेंडा मनोरा धोकादायक ठरल्यामुळे मनोऱ्यांवर चढण्याची आशा कोणी धरू नये. तिसऱ्या दिवशी मोडेना आणि चीज, चौथ्या दिवशी फोर्ली आणि सेनिओ, पाचवा पूर्ण दिवस रावेन्ना. पार्मा या खेपेला राहील.

अप्पा : ठीक आहे. पण हंपीचा उशीर गाडीवाल्यामुळेच झाला होता.

मंदाआत्या : दादा, आभारी आहे. गाला प्लासिडियासाठी वेळ आधी ठरवून तिकीट काढावे लागते, ते चिन्मयने या आठवड्यातच पाहावे.

नानाकाका : फोर्लीला फुले स्टेशनाजवळ मिळतात का, तेही पाहा.

शुभावहिनी : चीजच्या सकाळी माई, आत्या आणि मी मोडेनाच्या कॅथेड्रलमध्ये थांबतो; १०९९ मध्ये सुरू झालेल्या त्या इमारतीच्या दर्शनी भागावरची विलिजेल्मोची शिल्पे सावकाश पाहायची आहेत. कारखाना आटोपला की तुम्ही सगळे गिर्लांदिना मनोऱ्यापाशी या, आणि चिन्मय, तिथल्या तेलाच्या पियादिनाचे दुकान आधी शोधून ठेव.