सेफ्टी शूजमुळे पायाला वास: बूट बदलू की औषध लावू?

कुपवाडकर
कुपवाड एमआयडीसीत शिफ्ट, सेफ्टी शूज सलग १० तास पायात. काढले की खोलीत कुणी थांबत नाही. पाय रोज साबणाने धुतो, पावडर टाकतो, तरी दुसऱ्या दिवशी दुपारी तेच. पावसाळ्यात तर विचारूच नका. काय करावं?

वारणाकाठ
पायाआधी बूट वाळवा. घामाला स्वतःचा वास जवळपास नसतोच. तळपायावरचे जिवाणू घामातलं ल्युसिन (एक अमिनो आम्ल) फोडतात आणि त्यातून आयसोव्हॅलेरिक आम्ल तयार होतं, तो आंबूस वास त्याचा. स्टीलच्या टोपीचा बंद बूट एका रात्रीत वाळत नाही, म्हणजे सकाळी तुम्ही कालच्याच ओलीत पाय घालता. मग साबण कितीही लावा.

दोन जोड आलटूनपालटून वापरा, एका जोडाला पूर्ण दिवस सुट्टी. ते परवडत नसेल तर निदान आतल्या गाद्यांचे दोन जोड ठेवा. घरी आल्याबरोबर गादी बाहेर, नाड्या सैल, जीभ पुढे ओढलेली, आत वर्तमानपत्राचे बोळे. दोनेक तासांनी ओले बोळे काढून कोरडे भरा आणि बूट पंख्याखाली ठेवा. चुलीशेजारी नको, सोल सुटतो.

मोजे निव्वळ सुती नकोत. सुती मोजा घाम पितो आणि धरून बसतो. जेवणाच्या सुट्टीत जोडी बदला, धुताना मोजा उलटा करा.

कंदीपेढा_सातारा
वरच्यांचं बरोबर, पण पावडर का फसते तेही सांगतो. ओल्या पायावर टाकली की बेचक्यांत लगदा होतो. आधी प्रत्येक बोटामधून कापड फिरवा, मगच पावडर.

घरगुतीत चहा चांगला: दोन चमचे चहापूड अर्धा लिटर पाण्यात १५ मिनिटं उकळा, गाळा, दोन लिटर साधं पाणी घाला. त्यात रोज अर्धा तास पाय, आठवडाभर. चहातल्या टॅनिनने, म्हणजे तुरट द्रव्याने, कातडी आवळते, घाम कमी होतो. नखं थोडी पिवळी दिसतील, घाबरू नका. भेगा, जखम असेल तर हे नको.

घामच अति असेल तर मेडिकलमध्ये ॲल्युमिनियम क्लोराइडचं २० टक्के द्रावण मिळतं. रात्री, पाय अगदी कोरडे असताना लावा, सकाळी धुवा. ओल्या पायावर लावलं की आम्ल तयार होऊन चुरचुरतं आणि लोक बाटली फेकून देतात. फरक पडला की आठवड्यातून एक-दोनदा पुरे.

ओपीडी_मिरज
एक गोष्ट राहिली. पाय १० मिनिटं पाण्यात ठेवून तळवा उजेडात बघा. टाचेवर, चवड्यावर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसले तर तो जिवाणूंचा संसर्ग. त्याला बुरशीचं मलम सहसा पुरत नाही, क्लिंडामायसिनसारखं लावायचं औषध डॉक्टरांकडून घ्यावं लागतं.

करंगळी आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात कातडी पांढरी, ओली, खाज सुटणारी असेल तर चिखल्या, म्हणजे बुरशी. क्लोट्रिमॅझोल १ टक्का मलम, दिवसातून दोनदा, २ ते ४ आठवडे. खाज थांबली की मलम बंद करतात, म्हणून चिखल्या परत येतात. आणि ट्यूबवर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन लिहिलं असेल तर परत करा. स्टेरॉइडने खाज दबते, बुरशी पसरत राहते.

मधुमेह असेल तर गरम पाण्यात पाय बुडवायचे नाहीत, बधिर पायाला चटका कळत नाही. सरळ दाखवा.

कुपवाडकर
खड्डे आहेत राव, दोन्ही टाचांवर. म्हणजे चहा वाया?

ओपीडी_मिरज
वाया नाही, पण एकट्या चहाने जाणार नाही. आधी दाखवून औषध सुरू करा. जुन्या गाद्या मात्र टाकून द्या, त्यात तेच जिवाणू आणि तीच ओल असते.

वारणाकाठ
नव्या गादीचं माप घेताना जुनी कागदावर ठेवून आखून न्या. जाड गादी घेतली तर बोटं टोपीला घासतात.