मायदेशी परत पाठवणे : इथिओपिया-एरिट्रिया युद्धात वाद नेमका कशाचा होता?

माणदेशी

आंतरराष्ट्रीय मानवतावादी कायद्याच्या अभ्यासक्रमात आम्हाला इथिओपिया आणि एरिट्रिया यांच्यातील १९९८ ते २००० च्या युद्धाचे प्रकरण नेमलेले आहे. मे १९९८ मध्ये बाद्मे या सीमेवरच्या लहानशा गावावरून लढाई पेटली आणि जूनपासून इथिओपियाने एरिट्रियन वंशाच्या नागरिकांना सीमेपार पाठवायला सुरुवात केली. अशा लोकांची संख्या सुमारे ७५ हजारांवर गेली. उलट दिशेनेही हजारो इथिओपियन परतले. युद्धकैद्यांना अडकवून ठेवण्यात सरकारांचा स्वार्थ असतो, हे समजते. पण इथे एक देश माणसे पाठवायला उतावीळ होता आणि दुसरा देश आपल्या माणसांना घ्यायला नकार देत नव्हता. मग दोन्ही देशांचे नुकसानभरपाईचे दावे ऐकणाऱ्या द हेग येथील दावे आयोगापुढे वर्षानुवर्षे वाद चालला तो कशावर?

तळटीप

आपल्या प्रश्नात 'आपल्या माणसांना' असा शब्दप्रयोग आला आहे, आणि सगळा वाद त्या शब्दांतच आहे. ही माणसे नक्की कोणाची होती?

एप्रिल १९९३ मध्ये इथिओपियापासून एरिट्रियाच्या स्वातंत्र्यासाठी सार्वमत झाले, तेव्हा इथिओपियातील अदिस अबाबासारख्या शहरांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या एरिट्रियन वंशाच्या लोकांनीही मतदान केले. मतदानासाठी एरिट्रियाच्या १९९२ च्या नागरिकत्व कायद्याखालील ओळखपत्र काढावे लागत असे. ते खिशात असूनही या लोकांचे इथिओपियन पासपोर्ट चालू राहिले, सरकारी नोकऱ्या चालू राहिल्या, आणि कोणी हरकत घेतली नाही. अशा लोकांना एकच नागरिकत्व निवडायला लावावे, असे दोन्ही सरकारांनी १९९६ मध्ये ठरवले होते, पण अंमलबजावणी लांबणीवर पडली. दोन वर्षांनी युद्ध पेटले आणि मतदानासाठी काढलेले तेच ओळखपत्र परकेपणाचा पुरावा ठरले. इथिओपियाचे म्हणणे असे, की आम्ही शत्रुराष्ट्राच्या नागरिकांना त्यांच्या देशात परत पाठवले. एरिट्रियाचे म्हणणे असे, की तुम्ही तुमच्याच नागरिकांचे नागरिकत्व हिरावून त्यांना हद्दपार केले. पहिली गोष्ट युद्धकाळात कायदेशीर ठरू शकते. दुसरीच्या आड इथिओपियाच्या स्वतःच्या १९९५ च्या राज्यघटनेचे ३३ वे कलम येते, कारण कोणाही इथिओपियनाचे नागरिकत्व त्याच्या इच्छेविरुद्ध काढून घेता येणार नाही, असे ते सांगते.

१७ डिसेंबर २००४ च्या निवाड्यात आयोगाने मधला रस्ता काढला. हे लोक दुहेरी नागरिक होते, असे त्याने मानले. ज्यांची सुरक्षा यंत्रणेकडून व्यक्तिशः छाननी झाली होती, त्यांची हकालपट्टी त्याने वैध ठरवली. सीमेलगतच्या खेड्यांतून स्थानिक अधिकाऱ्यांनी छाननीशिवाय ज्यांना सरसकट हाकलले, त्यांच्याबाबत मात्र इथिओपियाला जबाबदार धरले. छाननी म्हणजे प्रत्यक्षात पहाटे दारावर पडलेली थाप आणि पोलीस ठाण्यातील चार प्रश्न एवढीच अनेकांच्या वाट्याला आली, त्यामुळे आयोगाने या शब्दावर जरा जास्तच विश्वास टाकला, असे माझे मत आहे.

किनारा

वरील प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत नाही. लढाई चालू असताना शत्रुराष्ट्राचे नागरिकत्व घेतलेल्या माणसांविषयी कोणतेही सरकार साशंक राहणारच, आणि जिनिव्हा करारातही परकीय नागरिकांना स्थानबद्ध करण्याची तरतूद आहे. शिवाय ही एकतर्फी कहाणी नव्हे. इथिओपियाचा व्यापार एरिट्रियातल्या असब बंदरातून चालत असे. तो बंद होताच तिथल्या इथिओपियन हमालांची आणि कामगारांची रोजीरोटी गेली. एरिट्रिया म्हणत राहिला की हे लोक स्वखुशीने निघाले, पण काम, पगार आणि निवारा गेल्यावर निघालेल्या माणसाची खुशी कशी मोजायची, हा वाद तितकाच खरा होता. मे २००० मध्ये इथिओपियन फौजा आत घुसल्यावर एरिट्रियाने हजारो इथिओपियनांना छावण्यांत डांबले आणि सीमेकडे रवाना केले. रेडक्रॉसच्या देखरेखीखाली ज्यांनी सीमेवरची मरेब नदी ओलांडली, त्यांचा प्रवास सुरक्षित झाला; ज्यांना तशा देखरेखीशिवाय पाठवले, त्यांच्या हालांबद्दल आयोगाने एरिट्रियालाही दोषी धरले.

निवृत्त मास्तर

२००५ ते २००८ या काळात मी अदिस अबाबात एका महाविद्यालयात शिकवत होतो. त्या देशात भारतीय शिक्षक पुष्कळ असल्यामुळे आमच्याशी लोक मोकळेपणाने बोलत. माझी घरमालकीण इथिओपियन होती. तिच्या नवऱ्याचे आईवडील एरिट्रियाची राजधानी अस्मारा, त्या भागातले, परंतु तो स्वतः अदिस अबाबात जन्मलेला आणि वाढलेला. १९९८ च्या उन्हाळ्यात त्याला बसमध्ये बसवून पाठवले, तेव्हा तो आयुष्यात प्रथमच एरिट्रिया पाहणार होता. त्याला इथिओपियाची अम्हारिक भाषा उत्तम येत असे, एरिट्रियातली तिग्रिन्या मोडकीतोडकी.

दोन देशांतील दूरध्वनी सेवा बंद होती, ती थेट जुलै २०१८ मध्ये सुरू झाली. भारतातून मात्र अस्माराला फोन लागत असे. म्हणून मी सुटीत पुण्याला निघालो की बाई वहीच्या कागदावर नंबर आणि निरोप लिहून देत. एका वर्षी निरोप होता की मुलगी दहावीच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली. मी इंग्रजीतून तो सांगितला तेव्हा पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही, आणि मग बाईंच्या नवऱ्याने विचारले, "गणितात किती?" तेवढे मात्र मी विचारून घ्यायला विसरलो होतो.

अशा लोकांना एरिट्रियात 'अम्चे' म्हणतात. सुटे भाग परदेशातून आणून इथिओपियात ट्रकची जुळणी करणाऱ्या कारखान्याच्या नावावरून हा शब्द पडला : भाग एरिट्रियाचे, जुळणी इथिओपियाची. मराठी कानाला तो 'आमचे' असाच ऐकू येतो, आणि नेमके तेच कोणीही म्हणत नव्हते, ना इकडे, ना तिकडे.

माणदेशी

सर्वांचे आभार. मास्तर, त्यांच्या मालमत्तेचे काय झाले?

तळटीप

त्या बाबतीत आयोगाने इथिओपियाला अधिक स्पष्ट शब्दांत दोष दिला. परकीय ठरल्यामुळे घर विकणे भाग, त्यासाठी मुदत एक महिना, वर जबर कर आणि बँकांची कर्जवसुली. हे सगळे एकत्र आल्यावर हाती काही उरणे शक्य नव्हते. ऑगस्ट २००९ च्या अंतिम निवाड्यात सर्व प्रकारच्या दाव्यांपोटी एरिट्रियाला सुमारे १६.३५ कोटी आणि इथिओपियाला सुमारे १७.४ कोटी डॉलर मंजूर झाले. दोन्ही रकमा समोरासमोर ठेवल्या तर फरक एक कोटीच्या आसपास उरतो.

निवृत्त मास्तर

घर बाईंच्या माहेरचे आणि त्यांच्याच नावावर असल्याने वाचले. नवऱ्याचा मालवाहू ट्रक होता. ठाण्यात बसवून ठेवले असताना त्याला घाईघाईने मुखत्यारपत्र लिहून द्यायला सांगितले आणि त्याने ते धाकट्या मेहुण्याच्या नावे केले. ट्रक किती किमतीला गेला, हे बाईंनी मला तीन वर्षांत कधी सांगितले नाही. मेहुणा मात्र त्या घरी येत नसे.