आई मरते तो सीन पळवायचा की बघू द्यायचा?

लुडबुडीची_आई
माझी मुलगी साडेचारची. रविवारी तिला फाइंडिंग निमो लावून दिला, म्हटलं मासे आहेत, रंगीबेरंगी आहे, तेवढ्यात माझ्या कपड्यांच्या घड्या होतील. मी साफ विसरले होते की पहिल्या काही मिनिटांतच त्या पिल्लाची आई आणि बाकीची सगळी अंडी जातात, एकच उरतं. एकदम शांत वाटलं म्हणून वळून बघितलं तर ही सोफ्यामागे, नुसते डोळे वर. "त्याची आई कुठे गेली? ऑफिसला?" मी आपलं पटकन हो म्हणून टाकलं. झालं! पुढचा पूर्ण पिक्चरभर दर पाच मिनिटांनी "आली का ऑफिसातून?" शेवटपर्यंत आली नाही म्हणून भोकाड, आणि सोमवारी मी ऑफिसला निघाले तर पाय सोडेना, ओढणी धरून दारापर्यंत फरफटत आली.
आता काय सांगू तिला? आणि तुम्ही असे सीन सरळ पळवता का? दरवेळी पोरांच्याच पिक्चरमध्ये आईबाप का मारतात हे एक मला कळत नाही.

रिमोटवाला_बाबा
पळवू नका, मी हात पोळून घेतलेत. लायन किंग (1994चा, जुना) लावला तेव्हा छाव्याचे बाबा मरतात ती चेंगराचेंगरी अख्खी फॉरवर्ड केली, फार हुशारी वाटली स्वतःची. मग पोरगा तासभर विचारतोय की तो छावा घर सोडून का पळाला, त्याचे बाबा त्याला शोधायला का येत नाहीत, आता काय डोंबल सांगणार. महिन्याने मांडीवर घेऊन पूर्ण दाखवला. त्या सीनला रडला नाही हो, फक्त "लागलं का त्यांना?" एवढंच विचारलं आणि माझा अंगठा घट्ट धरून बसला. घाबरला कशाला तर तरसांच्या हसण्याला. ते माझ्या लिस्टमध्येच नव्हतं.

जुनी_कॅसेट
आईबाप का मारतात याचं माझं उत्तर सोपं आहे. आई जागेवर असेल तर पोरगं एकटं समुद्रात जाईलच कसं, पहिल्याच सीनला कान धरून परत आणेल आणि पिक्चर दहा मिनिटांत संपेल 😄 बांबी, तो हरणाच्या पाडसाचा पिक्चर, 1942चा आहे, त्यातही आई जाते, तेव्हापासून हेच चालू आहे.
पण एक बघा, बांबीत शिकारी दिसतच नाही, फक्त गोळीचा आवाज येतो. निमोतही मरण दाखवलेलं नाही, तो बाराकुडा (मोठा शिकारी मासा) येतो, बाप बेशुद्ध पडतो, शुद्धीवर येतो तर सगळं रिकामं. मोठ्यांना बरोबर कळतं, चार वर्षांच्या पोराला काय कळणार, त्याच्या हिशोबाने आई आत्ता होती आणि आत्ता नाही, म्हणजे कुठेतरी गेली असणार. तुमच्या मुलीने ऑफिस म्हटलं ते उगाच नाही, तिच्या ओळखीची आई तिथेच तर जाते! तेव्हा जे पडद्यावर सांगितलेलं नाही ते शेजारी बसून आपणच सांगायचं.
व्हिलनच नको असेल तर माय नेबर टोटोरो लावा. 1988चा, 86 मिनिटांचा. त्यातही आई दवाखान्यात असते आणि शेवटाकडे धाकटी हरवते हे आधीच सांगून ठेवते, पण सगळं नीट होतं.

झोप_कधी_मिळणार
आमच्याकडे उलटं. 'अप'च्या सुरुवातीला म्हातारा-म्हातारीचा पूर्ण संसार काही मिनिटांत न बोलता येऊन जातो ना, तिथे मी हुंदके देतोय आणि चिरंजीव म्हणतात "बाबा बाजूला हो, फुगे कधी येणार?"

दोन_पोरं_एक_टीव्ही
ताई, खरं सांगून टाका. मोठ्या माशाने खाल्लं, ती मेली, आता बाबा सांभाळतो, बास. लांबलचक नको. आणि या वयात मेलं म्हणजे परत येत नाही हे एकदा सांगून डोक्यात बसत नाही, दहादा विचारेल, दहादा तेच उत्तर द्या, वैतागू नका. ऑफिसचं मात्र आजच निस्तरा, तो गुंता पिक्चरचा नाही, तुमचा आहे (रागावू नका).

लुडबुडीची_आई
रागावले नाही, खरंच आहे ते. काल रात्री सांगितलं. थोडा वेळ छताकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "मग तेव्हाच सांगायचं ना." आज परत तोच पिक्चर हवा होता. तो सीन यायच्या आधी आपणहून उशी घेऊन सोफ्यामागे गेली, "झालं की सांग", मी झालं म्हटल्यावर बाहेर येऊन बसली आणि मलाच समजावलं की आता त्याचा बाबा सांभाळतो.
झोपताना विचारत होती, तुझ्या ऑफिसात मोठा मासा आहे का? नाही म्हटलं. (आहे एक, पण तो धागा वेगळा काढावा लागेल.)