एनएचएस (ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा) पुनर्रचना: तीन बँड ६ नर्स, दोन जागा, आणि 'ॲट रिस्क' (नोकरी धोक्यात असल्याचं) पत्र एकीलाच. हे न्याय्य आहे का?

प्राजक्ता_मिडलंड्स
नमस्कार मंडळी. इंग्लंडमधल्या एका ट्रस्टची (एनएचएसची सेवा चालवणारी स्थानिक संस्था) दोन कम्युनिटी क्लिनिक एकत्र होत आहेत. बँड ६ या पगारश्रेणीच्या तीन नर्स आहेत, नव्या रचनेत जागा दोनच. बंद होणाऱ्या क्लिनिकमधल्या एकीलाच पत्र आलं, बाकी दोघी थेट स्लॉट-इन, म्हणजे निवडप्रक्रियेशिवाय नव्या जागेवर. पहिल्याच मीटिंगमध्ये एचआरने सांगितलं, "तुमची पोस्ट जातेय, दुसरीकडे काय मिळतं ते बघू." नोकरी ९ वर्षं ८ महिने, पगार वर्षाला ४२,००० पौंड. हे कायद्याने टिकतं का? आणि पैसे किती मिळतील?

सह्याद्री_यूके
प्राजक्ताताई, पोस्ट खरोखर जातेय का आणि तिलाच काढणं न्याय्य आहे का, हे दोन प्रश्न वेगळे ठेवा. पहिल्यावर ट्रस्ट बहुतेक जिंकेल. १९९६ च्या एम्प्लॉयमेंट राइट्स ॲक्टचं कलम १३९ कामाची जागा बंद होणं किंवा त्या कामाला माणसं कमी लागणं, एवढंच बघतं. खरा वाद कलम ९८(४) वर होतो, म्हणजे ट्रस्ट वाजवीपणे वागला का.

इथे ब्रॅडफर्ड टीचिंग हॉस्पिटल्सचं २०२२ चं प्रकरण जरूर वाचा. फिक्स्ड-टर्म करारावरच्या दोन नर्स होत्या. जिचा करार आधी संपत होता तिला निवडलं आणि कन्सल्टेशन (कर्मचाऱ्याशी सल्लामसलत) त्यानंतर सुरू केलं. एम्प्लॉयमेंट अपील ट्रायब्युनलने (नोकरीच्या वादांचं अपील न्यायाधिकरण) ती बडतर्फी अन्याय्य ठरवली. ज्या निकषाने पूलमध्ये (ज्यांच्यातून कोणाला काढायचं ते ठरतं तो गट) एकच माणूस उरतो, त्या निकषावरच आधी चर्चा व्हायला हवी होती. निर्णय बदलता येईल अशा टप्प्यावर बोलणं झालं तरच ते कन्सल्टेशन. "दुसरीकडे काय मिळतं ते बघू" हे वाक्य पहिल्याच मीटिंगच्या इतिवृत्तात असेल, तर ते तिच्या बाजूचा पुरावा आहे. इतिवृत्त आलं नसेल तर त्याच दिवशी ईमेल करून काय बोलणं झालं ते लिहून ठेवा.

मात्र एकीचाच पूल म्हणजे आपोआप अन्याय, असं नाही. पूल ठरवणं मालकाच्या हातात असतं, त्याने खरा विचार केलेला दिसायला हवा. म्हणून लेखी विचारा: तिघींचं जॉब डिस्क्रिप्शन एकच आहे का? रोटावर (ड्युटीच्या वेळापत्रकात) त्या दोन्ही क्लिनिकमध्ये काम करत होत्या का? स्लॉट-इनचा नियम ट्रस्टच्या ऑर्गनायझेशनल चेंज पॉलिसीत नेमका काय आहे? गेल्या वर्षभराचे रोटा जोडा. तिघी आलटून पालटून दोन्हीकडे जात असतील, तर "बंद क्लिनिकची नर्स" हे वर्णनच टिकत नाही.

युनियन_डेस्क
पैशांचं. अजेंडा फॉर चेंज (एनएचएसचा पगार आणि अटींचा करार), कलम १६: पूर्ण झालेल्या दर वर्षाला एक महिन्याचा पगार, जास्तीत जास्त २४ महिने. ८ महिने मोजले जात नाहीत. ४२,००० भागिले १२ म्हणजे ३,५००, गुणिले ९ म्हणजे ३१,५०० पौंड. पहिल्या ३०,००० वर कर नाही, वरच्या १,५०० वर आहे. नोटिशीचा पगार वेगळा आणि पूर्ण करपात्र. सेवा मोजताना आधीच्या एनएचएस ट्रस्टमधली सलग नोकरीही धरली आहे का ते पे-रोलला विचारा, तिथे हमखास चूक होते.

लोक घसरतात ते इथे: सुटेबल अल्टरनेटिव्ह जागा विनाकारण नाकारली तर ही रक्कम जाते. जागा योग्य वाटत नसेल तर थेट "नाही" म्हणू नका. वेगळ्या अटींच्या कामाला चार आठवड्यांचा ट्रायल कायद्यानेच मिळतो. तो करा आणि काय जमत नाही ते रोज लिहा: प्रवास, शिफ्ट, बँड, क्लिनिकल कामाऐवजी डेस्क.

वैशाली_लीड्स
स्लॉट-इन झालेल्यांपैकी कोणी गरोदर किंवा बाळंतपणाच्या रजेवर आहे का? ६ एप्रिल २०२४ पासून गरोदरपण कळवल्यापासून बाळाच्या जन्मानंतर १८ महिन्यांपर्यंत योग्य रिकामी जागा आधी त्या व्यक्तीला द्यावी लागते. पण हे संरक्षण तिची स्वतःची जागा जात असेल तेव्हाच. पूलमधून आधीच बाहेर ठेवण्याचं हे कारण नाही.

नवीन_नर्स_एसेक्स
नोकरीला दोन वर्षं झाली नसतील आणि स्किल्ड वर्कर व्हिसा (स्पॉन्सर म्हणजे नोकरी देणाऱ्या संस्थेवर अवलंबून असलेला) असेल तर?

युनियन_डेस्क
रिडंडन्सी पे (जागा गेल्याची भरपाई) नाही, आणि साध्या अन्याय्य बडतर्फीच्या दाव्यालाही आजवर दोन वर्षांची अट आहे. भेदभावाच्या दाव्याला मात्र किती वर्षं नोकरी झाली याची अट नाही. व्हिसाचं जास्त गंभीर आहे: ट्रस्ट १० कामकाजाच्या दिवसांत होम ऑफिसला कळवतो, मग सहसा व्हिसाची मुदत ६० दिवसांवर आणल्याचं पत्र येतं. त्या पत्राची वाट न पाहता नोटिशीच्या पहिल्याच आठवड्यात नवा स्पॉन्सर शोधायला लागा. नव्या स्पॉन्सरच्या सर्टिफिकेटवर अर्ज त्या ६० दिवसांच्या आत गेला पाहिजे.

सह्याद्री_यूके
मुदतीबद्दल सगळ्यांनाच. ट्रस्टकडे अंतर्गत अपील चालू असलं तरी ट्रायब्युनलचं घड्याळ थांबत नाही. नोकरीच्या शेवटच्या दिवसापासून तीन महिने वजा एक दिवस, आणि त्याआत आधी अकासकडे (नोकरीचे वाद मिटवायला मदत करणारी सार्वजनिक संस्था) अर्ली कन्सिलिएशनचा, म्हणजे दाव्याआधीच्या तडजोडीचा अर्ज. २०२५ च्या कायद्यात ही मुदत सहा महिने करण्याची तरतूद आहे, पण त्या भरवशावर राहू नका, तीन महिनेच धरून चाला. आणि ९० दिवसांत २० किंवा जास्त जण जाणार असतील, तर युनियनशी ३० दिवस आधी सामूहिक कन्सल्टेशन सुरू व्हायला हवं. १०० किंवा जास्त असतील तर ४५ दिवस. एका क्लिनिकचा आकडा बघून "आम्ही एकच" असं ठरवू नका. पुनर्रचनेचा पूर्ण प्रस्ताव मागवा, त्यात सगळ्या पोस्टची यादी असते.