ठोकळ्यांच्या खालीही उतरा

‘नुसते काँक्रीटचे ठोकळे, ना नाव ना गाव’ हे नाझींनी मारलेल्या ज्यूंच्या बर्लिनमधल्या स्मारकाबद्दलचं मत वरवर पाहिलं तर पटतं. पण त्या २७११ ठोकळ्यांखाली तळघरात माहिती केंद्र आहे. तिथल्या एका अंधाऱ्या खोलीत एकेका बळीचं नाव आणि थोडक्यात हकिकत ऐकवतात. प्रवेश फुकट, सोमवारी बंद. वर सेल्फी काढून सटकणाऱ्यांना हे कळतही नाही.

नाझींनी मारलेल्या सिंती-रोमांच्या (युरोपातल्या ‘जिप्सी’ म्हटल्या जाणाऱ्या समाजांच्या) स्मारकाबद्दल मात्र या चर्चेत कुणीच लिहिलं नाही! ब्रांडेनबुर्ग गेटपलीकडे, राइशस्टाग या संसद-इमारतीजवळ. गोल हौद, काळंभोर पाणी, मधल्या त्रिकोणी दगडावर रोज ताजं फूल. छळछावणीत कैद्यांच्या कपड्यांवर असायचा त्या बिल्ल्याचा हा आकार. सिंती-रोमांचा वंशसंहार झाला हे पश्चिम जर्मनीने मान्य केलं १९८२ साली, स्मारकाला २०१२ उजाडलं. बाहेरच्या दुधी काचेवर सगळी सनावळ आहे, ती वाचायला वेळ ठेवा.