असेसमेंट अँड रेटिंगसाठी नेमकं किती लिहायचं? (मेलबर्न, लाँग डे केअर म्हणजे दिवसभराचं पाळणाघर)

प्रश्न:
सेंटरचं रेटिंग, म्हणजे सरकारी दर्जा-तपासणी, जवळ आलंय. माझ्याकडे अडीच वर्षांची मुलं आहेत. डिरेक्टरबाई म्हणतात, दर मुलामागे आठवड्याला दोन निरीक्षणं हवीतच, तीही फोटोंसह. नॅपी, जेवण, झोपवणं यातून लिहायचं कधी? नियम खरंच असा आहे का?

उत्तर १:
नाही. आकडा कुठेच दिलेला नाही. पाळणाघरांसाठीच्या राष्ट्रीय नियमावलीतल्या नियम ७४ मध्ये मुलाच्या गरजा, आवडी, सहभाग आणि प्रगती यांची नोंद मागितली आहे, आणि ती पालकांना सहज कळेल अशी हवी. मूल किती वेळ येतं हे धरून लिहा, असंही त्यातच आहे. म्हणजे फक्त सोमवारी येणाऱ्या मुलाचं रोज येणाऱ्याइतकं लिहायची गरज नाही.

तपासणीला येणारे अधिकारी तीन गोष्टी करतात: बघतात, विचारतात, कागद तपासतात. बहुतेक नोंदी ‘छान रमला’वर संपतात, तिथेच गाडी अडते. मूल एका मगातून दुसऱ्यात पाणी ओततंय, तर उद्या अरुंद तोंडाची बाटली आणि नरसाळं ठेवा, मग काय झालं ते दोन ओळींत लिहा. अशी एक नोंद वीस फोटोंपेक्षा जास्त सांगते.

उत्तर २:
लिखाणाच्या नादात क्षेत्र २, म्हणजे आरोग्य आणि सुरक्षितता, सोडू नका. दर्जा एकूण सात क्षेत्रांत तपासतात. त्यातलं एक जरी ‘वर्किंग टुवर्ड्स’ (अजून मानकापर्यंत न पोचलेलं) आलं तरी सगळ्या सेंटरचं रेटिंग तेच लागतं. औषध देताना दुसऱ्या मोठ्या माणसाने डोस आणि मूल दोन्ही पडताळून सही करायची असते. ती सही संध्याकाळी आठवून केलेली असली की लगेच कळतं. व्हिक्टोरियात तीन वर्षांखालच्या चार मुलांमागे एक एज्युकेटर (मुलं सांभाळणारा शिक्षक-कर्मचारी) लागतो. मुलं अंगणात नेताना आणि आत आणताना मोजा.

उत्तर ३:
वेळेबद्दल कोणीच बोललं नाही. चिल्ड्रन्स सर्व्हिसेस अवॉर्डखाली (आपल्या क्षेत्रातल्या पगार आणि कामाच्या अटींचा कायदेशीर दस्तऐवज), मुलांचा कार्यक्रम आखण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याला आठवड्याला किमान दोन तास मुलांपासून मोकळे मिळायला हवेत. ताई, ते रोस्टरवर लिहून घ्या. घरी बसून रात्री लिहिणं हा तुमच्या कामाचा भाग नाही. माझ्या मते या रेटिंगमध्ये हीच मोठी उणीव आहे: फाइल दिसते, ती कुणाच्या झोपेतून तयार झाली ते दिसत नाही. तास मिळत नसतील तर क्वालिटी इम्प्रूव्हमेंट प्लॅनमध्ये (सेंटरचा स्वतःचा सुधारणा आराखडा) क्षेत्र ४, म्हणजे कर्मचारी व्यवस्था, याखाली तसं नोंदवायला सांगा. तो प्लॅन अधिकारी वाचतातच.