पहिल्या वर्षाचं सर्टिफिकेट म्हणजे गरीबाच्या पोरीला घरी बसवायची सोय

पंचवटीकर: काल इथे एकाने लिहिलं की नव्या शैक्षणिक धोरणात एका वर्षाला सर्टिफिकेट, दोन वर्षांना डिप्लोमा मिळतो म्हणून गोरगरीब पोरांचं भलं होणार. वाचून डोकंच फिरलं. माझी भाची पेठ तालुक्यातली, नाशकात एफवायबीएला आहे. मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेचा विषय) करत सकाळी 8 ला पहिलं लेक्चर, मग तीन तास नुसतं बसायचं आणि शेवटचं साडेचारला सुटतं. गावाकडची गाडी चुकली की मावशीकडे मुक्काम. दिवाळीत भाऊजी म्हणाले, एवढं वर्ष काढ, सर्टिफिकेट मिळतंय ना, बास झालं. पूर्वी एफवायला कॉलेज सोडायचं म्हटलं की घरात चार माणसं अडवायची.

सातपूरचा: दादा, हे भाऊजींना सांगा, धोरणाला कशाला शिव्या? 2009 ला वडील गेले, मी एसवाय बीएस्सी करून कॉलेज सोडलं. दोन वर्षांच्या मार्कशीट घेऊन अंबडला कंपन्या फिरलो, सगळीकडे बारावी पास म्हणूनच धरलं. आता 3 वर्षांत परत येता येतं, 7 वर्षांत डिग्री पुरी करता येते. मला हे मिळालं असतं तर आज सुपरवायझर असतो.

तासिकावाला: परत आल्यावर शिकवणार कोण? सेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, पास होऊन 9 वर्षं झाली, अजून तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांचेच पैसे. मे-जूनला पगार नाही, बाकीचा येईल तेव्हा येतो, गेल्या वर्षी दिवाळी उसनवारीवर केली. विषय इतिहास, पण ओपन इलेक्टिव्हला माणूस नाही म्हणून आर्थिक साक्षरता शिकवतोय, आदल्या रात्री वाचून. शिक्षणावर जीडीपीच्या 6 टक्के खर्च करा हे कोठारी आयोगाने 1966 ला सांगितलं, 2020 च्या धोरणात परत तेच लिहिलंय.

सातपूरचा: सर, प्रत्येक धाग्यावर तुमची प्राध्यापक भरती आणता. इथे पोरांचं चाललंय.

तासिकावाला: पोरांचंच सांगतोय! माझे तास दोन कॉलेजांत आहेत. सकाळचं लेक्चर संपवून मोटरसायकलवर ओझरला जातो, दुपारी परत येतो. तोवर इथली पोरं कट्ट्यावर बसलेली असतात. तुम्हाला वाटतं मला हौस आहे?

निफाडची आई: आमच्या मुलीचंही हेच. विचारलं तर ऑफिसात सांगतात सर बाहेरगावी शिकवतात. मला सरांचाच राग यायचा, आज कळलं.

पंचवटीकर: म्हणजे भाचीचे ते तीन तास यामुळे जातात. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

सातपूरचा: बरं, भरतीचं मान्य. पण सर्टिफिकेटचं माझं मत बदललेलं नाही, ज्याच्यावर वेळ येते त्यालाच त्या कागदाची किंमत कळते. आणि दादा, तो कागद नुसतं वर्ष काढून मिळत नाही, वर 4 क्रेडिटचा, म्हणजे ठरावीक तासांचा, स्किल कोर्स नाहीतर इंटर्नशिप करावी लागते. भाऊजींना माहितीये का?

पंचवटीकर: नाही. मलाही नव्हतं. रविवारी पेठला जातोय, समोर बसून सांगतो.

निफाडची आई: जाताना तिचं टाइमटेबल घेऊन जा दादा. पोरगी साडेचारपर्यंत कुठे असते हे बापाला कागदावर दिसू दे.